पुढच्या अंगणातली चूल

डोणगाव, ३० नोव्हेंबर १९६३

औषध कंपनीच्या माणसानं जानेवारीत ही डायरी दिली, ती आजवर कोरी पडून होती. माझी बायको सत्यभामा म्हणायची, "लिहा काही तरी, नाही तर मी हिच्या पानांत वड्या बांधून देईन." जुलैत ती गेली आणि डायरी फळीवरच राहिली. आज काढली, कारण आज माझं डोकं फिरलं आहे आणि ऐकून घ्यायला घरात कोणी नाही.

दान्या सकाळच्या एष्टीनं अकोल्याहून आला. आल्या आल्या कौलं पाहिली, मोरी पाहिली, माझ्या चुलीतली कालची राख पाहिली आणि म्हणाला, "बाबा, हे घर बंद करा. नाताळ यंदा आमच्याकडंच करू, मग तुमी तिकडंच राहा. एकटे इथं काय करता?"

मी म्हटलं, "जगतो."

"अन् जेवता काय?"

आता खरं सांगायचं तर दूध-भाकर. पण लेकाला कशाला सांगू? तो बोलत राहिला. सूनबाईच्या शेजारी सगळी मोठी माणसं राहतात, तिथं आपलं ते मटण करता येणार नाही, त्याऐवजी कोंबडं करू, असं काहीबाही. तिथं माझा पारा चढला. आमच्या घरात नाताळाला डुकराचंच मटण होतं. माझ्या बापाला यावरून गावानं पंगतीपासून हात-दोन हात लांब बसवलं होतं. पुढं तो ख्रिस्ती झाला तेव्हा पाद्रीसाहेब म्हणाले, आता तरी ते सोडा. बाप म्हणाला, "साहेब, देव बदलला, जीभ काऊन बदलू?" त्या बापाचा मी लेक. मी कोंबडं खाऊन येशूचा वाढदिवस करू काय?

शेवटी पैजच लागली. नाताळाला सगळ्यांनी इथं यायचं. मटण मी शिजवणार, पानं मी वाढणार. जमलं तर दान्यानं अकोल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. फसलं तर मी स्वतः कुलूप लावून किल्ली त्याच्या हातात देणार.

दान्या हसला. "तुमाले चहा तरी करता येते का बाबा?"

येत नाही. पण शिकता येतो ना!

२ डिसेंबर

चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. खोकल्याचं, तापाचं, जुलाबाचं, शेकडो बाटल्या मिक्श्चर मी हातानं केलं. एका भांड्यात मटण, मीठ आणि मसाला एकत्र करणं म्हणजे त्याहून काय अवघड? सत्यभामा स्वतःच म्हणायची, "याच्यात काय आहे, चुलीवर ठेवलं की झालं."

दुपारी शेजारच्या सोजराबाई कुंपणापाशी आल्या. यांचे यजमान रामराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, आणि मोठे नाक मुरडणारेही. बाई म्हणाल्या, "कंपोंडर, नाताळ कवा हाय यंदा?"

मी म्हटलं, "यंदा म्हणजे? दर साली पंचवीसलाच असतो."

"हाव, मले माहीत हाय. पन वार कोनता?"

"बुधवार."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "एकादशी गुरुवारी येते. मंग बरं झालं."

यांच्या एकादशीचा आणि आमच्या नाताळाचा काय संबंध? मला ठाऊक आहे त्या कशाला विचारतात. दर वर्षी डिसेंबर लागला की ही बाई तारीख विचारून ठेवते. वास केव्हा येणार ते नवऱ्याला आधी सांगायला नको का!

८ डिसेंबर

फजिती.

पुंजाजीकडून थोडंसं मटण आणलं. पुंजाजी गावाबाहेर डुकरं पाळतो. माणूस भला, वजनात हात सढळ. म्हणाला, "बाई असत्या तं मी विचारलं नसतं, पन तुमी करनार म्हनता म्हनून इचारतो, येते का?" मी पिशवी पुढं केली.

मीठ दवाखान्यातल्या मापानं घेतलं. हळद, तिखट, काळा मसाला सगळं मापात. शेंगदाण्याचं तेल चांगलं वाटीभर ओतलं, कारण सणाला हात आखडायचा नसतो. तासाभरानं पाहतो तर पातेल्यात तेलाचं तळं, आणि मटणाचे तुकडे त्यात बुडून बसलेले. घास तोंडात घेतला तो घशाखाली उतरेना. दारातल्या कुत्र्याला घातलं, त्यानं हुंगलं आणि माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. सोजराबाई, नाकाला पदर, तोंड भिंतीकडं.

"तेल कायले ओतलं हो? त्याची चरबीच लय सुटते म्हनतात. तिनं जलमात कधी तेलाचा थेंब नाही टाकला."

"तुम्हाला काय माहीत?"

बाईंनी नाकावरचा पदर घट्ट केला. मग म्हणाल्या, "नाकाले समजते."

म्हणजे इतकी वर्षं ही बाई कुंपणातून आमच्या चुलीवर पाळत ठेवून होती! मी ताडकन बोलणार होतो, पण गरज माझी होती. पुढचं विचारलं. त्यांनी भिंतीला सांगावं तसं सांगितलं. धुतल्याबरोबर मीठ-हळद लावून ठेवायचं. कोरड्या पातेल्यात, मंद विस्तवावर, झाकणावर पाणी. चरबी सुटली की त्यातच कांदा, लसूण, सुक्या मिरच्या. मसाला मग. एक तांब्या पाणी. चिंच अगदी शेवटी, आधी टाकली तर मटण दडदडीत राहतं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. सोपं हाय. फक्त हालवत बसू नका. तुमची लय घाई असते म्हने."

'म्हने'? कोण म्हणे?

११ डिसेंबर

पुन्हा केलं. तेल नाही, घाई नाही. पातेल्यातून तो वास आला आणि मला एकदम सत्यभामेच्या लुगड्याचा वास आठवला, नाताळच्या संध्याकाळचा. मटण मात्र चांगलं झालं होतं. नुसतं चांगलं नाही, झकास.

१४ डिसेंबर

चूल कुठं मांडायची? सत्यभामा नेहमी मागच्या परसात तीन दगड मांडायची, पार गोठ्याच्या भिंतीआड. स्वैपाकघरातल्या चुलीवर तिनं हे कधी चढवलं नाही. पातेलंही वेगळं. मी तिला म्हणायचो, "कोणाला भितेस एवढी?" ती म्हणायची, "भीत नाही, मागं मोकळं वाटतं." साखरखेर्ड्याच्या चांगल्या शेतकऱ्याची पोर. माझ्यासाठी घरदार सोडून आली, माहेरनं पुन्हा उंबरा दाखवला नाही, तरी गावाचा धाक काही गेला नाही बिचारीचा.

पण खायची मात्र आवडीनं. सगळ्यांना वाढून मग शेवटी निवांत बसायची. मी दर वर्षी पातेल्यातला सगळ्यात चांगला तुकडा, चरबी-मांस सारखं असलेला, तिच्या वाटीत काढून झाकण घालायचो, कारण पोरं काही शिल्लक ठेवणारी नव्हती. सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख.

मी मागं शिजवणार नाही. लपून खायचं तर न खाल्लेलं बरं. चूल पुढच्या अंगणात मांडणार, रस्त्यावरून दिसेल अशी. आजच दगड आणून ठेवले.

१६ डिसेंबर

दगड पाहून रामराव आले. बसले नाहीत.

"कंपोंडर, हे काय ऐकून राह्यलो? बाई होती तवर मांगं शिजे, कोनाचं काही म्हननं नवतं. तुमी रस्त्यावर मांडून राह्यले."

"अंगण माझं आहे, रामराव."

"वास तं तुमचा नाही ना राहत."

"तुमच्या गोठ्याचा वास मी तीस वर्षं घेतोय. एक दिवस तुम्ही माझा घ्या."

ते लाल झाले. "मंग पानी बी आपल्या अंगनातलंच काढा."

विहीर त्यांची आहे, आम्ही पहिल्यापासून तिथंच भरतो. संध्याकाळी पाहिलं तर आमच्या खुंटीचा दोर गायब.

१७ डिसेंबर

नदीवरून सायकलला दोन डबे बांधून पाणी आणलं. वाटेत लोक बघत होते. मी मोठ्यानं 'यहोवा माझा मेंढपाळ' म्हणत आणलं. कंबर मोडली, पण त्याची वाच्यता कुठं करणार नाही. या वहीत चालेल.

१८ डिसेंबर

सकाळी दोर खुंटीवर परत! तोही नवा, तेलपाणी केलेला. घाबरला रामराव. माणसानं ताठ उभं राहिलं की असं होतं.

सोजराबाई विहिरीवरच होत्या. हाताला सुताची फडकी बांधली होती, दोर वळताना हात सोलवटतात तसं काही. मी म्हटलं, "सांगा तुमच्या यजमानांना, शहाणपण आलं ते बरं झालं."

त्या म्हणाल्या, "सांगतो." आणि हंडा उचलून गेल्या. हसल्यासारखं वाटलं.

२४ डिसेंबर

आली सगळी. लेक एस्तेर जालन्याहून, जावई शाळेतल्या कार्यक्रमामुळं नाही. दान्या, सूनबाई सुशीला आणि त्यांची दोन पोरं. घर भरलं. कामट्यांचा तारा केला, लाल पतंगी कागद लावला, आत कंदील. दान्या माडीवर चढून बांधायला गेला तेव्हा लहानपणीसारखाच घसरला. सगळे हसलो. आई असती तर ओरडली असती, असं एस्तेर म्हणाली आणि मग कोणी हसलं नाही.

संध्याकाळी वादावादी. सूनबाई अगदी हळू आवाजात म्हणाली, "मामंजी, माझ्यासाठी वेगळं काही करू नका. मी भात आणि कांदा खाईन."

"का? आजारी आहेस?"

"नाही. मला ते जात नाही. लहानपणापासून."

"मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली पोर तू, तुला कोणतं सोवळं?"

"सोवळं नाही, मामंजी. नुसतं जात नाही."

मी म्हटलं, ही सगळी अकोल्याच्या शेजाऱ्यांची थेरं. माझी बायको कुणब्याची लेक, तिला या घरात पहिल्या नाताळापासून गेलं, आणि हिला जात नाही! दान्या मध्ये पडला, "बाबा, जबरदस्ती कायची?" मी म्हटलं, "एका पंगतीत बसून एक खाल्लं नाही तर घर कसलं?" सूनबाई डोळे पुसत आत गेली. एस्तेर माझ्याकडं बघत राहिली, काही तरी बोलणार होती, पण नाही बोलली.

असू दे. उद्या दिसेलच.

२५ डिसेंबर

प्रार्थना झाली आणि मी बाह्या वर केल्या. पुंजाजीनं सकाळीच आणून दिलेलं मटण मीठ-हळदीत मुरत होतं. पुढच्या अंगणात, भर उजेडात, चूल पेटवली.

पाहता पाहता रस्त्याला माणसं जमली. रामराव त्यांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले, नाकाला उपरणं लावून. खरंच वास येत होता म्हणा. पण कसला वास! चरबीत कांदा पडला तेव्हा माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

दान्या आधी आतच होता, कपाटाआड असल्यासारखा. रस्त्यावरचा एक जण ओरडला, "काय कंपोंडर, आज कोनता दवा करून राह्यले?" सगळे फिदीफिदी हसले. तेव्हा दान्या बाहेर आला. पांढरा सदरा, घडीची पँट, कचेरीत साहेबासमोर उभा राहतो तो माणूस. माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि फुंकणीनं जाळ फुलवू लागला. धुरानं सदरा काळा झाला. "अजून लाकूड द्या बाबा," असं तो मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, रस्त्याला ऐकू जाईल एवढ्यानं. मला त्या क्षणी त्याचा मुका घ्यावासा वाटला. घेतला नाही, मोठा झालाय.

चिंच शेवटी टाकली. एस्तेर आली, डाव घेतला, तळहातावर थेंब टाकून चाटला. "मीठ बरोबर आहे."

मी म्हटलं, "न सांगता चाखलंस?"

"आईच्या वेळी मीच चाखायची ना."

"आणि ती?"

"तिचे हात भरलेले असायचे," असं म्हणून तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, जे ओढायची काही गरज नव्हती.

अंगणातच पंगत बसवली. घोंगड्या, पत्रावळी, ज्वारीच्या भाकरी, भात, मटण. सूनबाईच्या पत्रावळीवर भात आणि कांदा. मी तिच्याकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर जात होती. वाढायच्या आधी मी पातेल्यातला चांगला तुकडा सत्यभामेच्या वाटीत काढला. झाकण घातलं. म्हटलं, "आईची वाटी तिच्या जागी राहील. ती यायची सगळ्यांच्या मागून."

दान्याच्या धाकट्यानं विचारलं, "आजी नाही तर वाटी कोण खाईल?" एस्तेर एकदम रडायला लागली. "मी खायची रे. दर साली मीच खायची. आई रात्री मला उठवून द्यायची."

मी विचारलं, "मग ती काय खायची?"

एवढ्यात समोरच्या ओट्यावर गडबड झाली. रामराव खुर्चीतून अर्धे उठले होते. सोजराबाई त्यांच्या पुढच्या दारातून बाहेर आल्या होत्या. हातात ताट, वर दुसरं ताट उपडं झाकलेलं. भर रस्त्यातून, त्या सगळ्या माणसांमधून.

"कुठं चालली?" रामराव ओरडले.

"जेवाले वाढाले."

"त्या घरी? आज?"

"आजच तं. तीस सालं मांगच्या दारानं वाढलं, तुमाले चोरून. आता जिले चोरून वाढत होती ते बी नाही राह्यली. मंग आता कायची चोरी?"

बाई आमच्या अंगणात आल्या. चुलीपासून जरा लांबून वळसा घालून आल्या, वास त्यांना खरंच सोसत नव्हता, डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याचं की आणखी कशाचं, ते मी सांगू शकत नाही. ताट खाली ठेवलं आणि वरचं काढलं. सोले-वांग्याची भाजी, तुरीच्या ओल्या दाण्यांची, वाफाळती. दोन भाकरी. हिरव्या मिरचीचा ठेचा.

"सत्यभामेचं ताट हाय, भाऊजी. नाताळाचं तिचं जेवन माह्या मांगच्या पायरीवर राहे. आमी एका गावच्या. ते डुकराचं तिले नाही जाय. कधीच नाही गेलं. हाताले साबन लावू लावू धुये अन् मंग जेवाले बसे. म्हने, त्याह्यले सांगू नको. त्याह्यच्या बापाचा सन हाय तो, मोडाचा नाही. सकाळी सोले निवडाले बसली तवा ध्यानातच नाही राह्यलं का आता ती नाही. हात आपला करत गेला."

माझ्या हातात डाव होता. तो कुठं ठेवायचा ते मला सुचेना. दान्यानं घेतला माझ्या हातातून.

मी गावाला भिऊन नाही, बापाला भिऊन नाही, कोणालाच भिऊन नाही जगलो. आणि माझीच बायको माझ्याच सणाला शेजारच्या पायरीवर जेवत होती. मला राग आला. खरंच आला. सोजराबाईंचा नाही, तिचाच. सत्यभामे, एवढ्या वर्षांत एकदा सांगितलं असतंस तर मी काय तुला गिळलं असतं?

सूनबाई मान खाली घालून बसली होती, भाताची शितं चिवडत. मी ते ताट उचललं, तिच्यापुढची पत्रावळ बाजूला सारली आणि ताट तिच्या पुढ्यात ठेवलं.

"जेव," मी म्हटलं. "हेसुद्धा या घरातलं नाताळाचंच जेवण आहे. आत्ताच कळलं मला."

ती म्हणाली, "मामंजी, ते आईंचं आहे."

"म्हणूनच."

सोजराबाई जायला निघाल्या, तर एस्तेरनं त्यांना घोंगडीवर बसवलं, पार कडेला, वारा तिकडून येत होता तिथं. त्यांनी आमच्या घरचं फक्त पाणी घेतलं, त्यांच्याच विहिरीचं. रामराव ओट्यावर उभेच होते. थोड्या वेळानं आत गेले. दार मात्र लावलं नाही.

सत्यभामेच्या वाटीतला तुकडा दान्याच्या धाकट्यानं खाल्ला. वाटी लख्ख.

२६ डिसेंबर

मंडळी दुपारच्या गाडीनं गेली. दान्या किल्लीचं एक अक्षर बोलला नाही. मीही आठवण करून दिली नाही. एष्टीत चढताना म्हणाला, "पुढच्या साली मी दोन दिवस आधी येतो, लाकडं फोडाले." सूनबाई पाया पडली आणि सोल्यांत लसूण किती घालतात ते सोजराबाईंना विचारून ठेवा म्हणाली.

संध्याकाळी रामराव कुंपणापाशी आले. म्हणाले, "वास अजून गेला नाही तुमचा." मी म्हटलं, "जाणारही नाही. चूल तिथंच राहील." ते म्हणाले, "राहू द्या बापा. सांगूनच थकलो," आणि विहिरीकडं गेले.

सोजराबाईंची आज एकादशी. त्यांना विचारलं, पायरीवर बसून ती काय बोलायची. म्हणाल्या, "तुमचंच बोले. तुमी मटन खाऊन कसे लाल होता ते सांगे अन् हासे."

हसायची म्हणे. बरं आहे.

मी ठरवलं आहे. पुढच्या नाताळाला पुढच्या अंगणात दोन चुली. एका चुलीवर बापाचं मटण आणि दुसरीवर सत्यभामेचे सोले, दोन्ही मीच शिजवणार. गावाला बघायचं असेल तर बघू दे. फक्त सोल्यांत तेल किती घालायचं, ते आता कुणाला तरी विचारायला हवं.